भूतसायकलीचं कुलूप

"सायकल कुणापासून वाचवायची आहे?" दुकानदाराने विचारलं.

"सरकारी माणसांपासून," मी म्हणाले.

त्याला वाटलं, माझं जर्मन कच्चं आहे. मग त्याने सोपे सोपे प्रश्न घेतले. सायकल कुठे उभी असते? रस्त्यावर. किती वेळ? कायम. नवी आहे का? छे, भंगारातली. मग तिला इतकं भारी कुलूप कशाला, आणि ती चालवतं कोण?

"कुणीच नाही. ती चालवायची नाहीये. ती फक्त तिथे राहायला हवी."

त्याने हातातलं कुलूप काउंटरवर ठेवलं. "आख सो," म्हणाला. अच्छा, ती सायकल. गावात सगळ्यांना ती माहीत होती. त्यानंतर त्याने एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रूममेटशीच बोलत राहिला, जणू मी मयताच्या घरून आलेय आणि माझ्याकडे बघून विटाळ होईल. विटाळ ओळखायला आम्हाला कुणी शिकवायला नको.

गोष्ट अशी. आमच्या भागातला एक दादा इथल्या संशोधन संस्थेत पीएचडी करत होता. हायडेलबर्गहून रेल्वेने थोडं पुढे, ऱ्हाइनच्या काठी हे गाव. दादा रक्ताचा नव्हता, पण परक्या देशात जो तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येतो आणि पहिल्या थंडीत स्वतःचं जाकीट काढून देतो, तो दादाच. वसंतातल्या एका सकाळी तो सायकलवरून संस्थेत निघाला. नदीकाठचा रस्ता संपतो तिथे मोठा चौक आहे. त्याला सरळ जायचं होतं, शेजारच्या ट्रकला उजवीकडे वळायचं होतं. सिग्नल दोघांनाही हिरवा होता. एकाच वेळी, दोघांनाही. हे मी पत्रकात लिहिलं, सभेत बोलले, आता इथेही लिहिते: जिथे दोघांना हिरवा मिळतो आणि दोघांचे रस्ते एकमेकांना कापतात, तिथे जे होतं त्याला अपघात म्हणू नका. कागदावर रेघा ओढताना ते कुणीतरी मंजूर केलेलं असतं.

इथे एक रीत आहे. सायकलवाला जिथे मेला, तिथे एक जुनी सायकल अख्खी पांढरी रंगवून उभी करतात. टायर, सीट, चेन, घंटी, सगळं पांढरं. अशी पहिली सायकल मी बर्लिनमध्ये बघितली, तेव्हा मला ती कुठल्यातरी दुकानाची जाहिरात वाटली होती. खरं काय ते नंतर कळलं. दादासाठी आम्ही तिघींनी तशी सायकल उभी करायचं ठरवलं: मी, रूममेट आणि चौकाच्या तोंडावर राहणारी एक जर्मन आजी. त्या सकाळचा आवाज आजीने स्वतःच्या खिडकीतून ऐकला होता. तिच्या तळघरात नवऱ्याच्या आणि मुलांच्या जुन्या सायकली धूळ खात पडल्या होत्या, त्या तिने दिल्या. चौकाचा सिग्नल बदलेपर्यंत सायकल हलणार नाही, अशी आमची घोषणा होती.

सायकल हलली. पहिली आम्ही तारेच्या कुलपाने खांबाला बांधली होती. प्लास्टिक चढवलेली असते म्हणून तार जाड दिसते, एवढंच. काही दिवसांत सायकल गेली आणि खांबाशी टोकं पिंजारलेला तारेचा तुकडा राहिला. दुसऱ्या सायकलीला यू आकाराचं पोलादी कुलूप आणलं. त्याला करवत लागत नाही म्हणतात. लागली नाहीच. पण त्या यूच्या पोटात खांब मावेना, म्हणून आम्ही ते नुसतं सांगाड्यातून आणि चाकातून घातलं. कुलूप शाबूत, सायकल शाबूत, आणि दोन्ही उचलून कुणीतरी गाडीत टाकून घेऊन गेलं.

"घराला कुलूप लावलं," रूममेट म्हणाली, "आणि घरालाच चाकं होती."

मी पालिकेत फोन केला. तिथली बाई म्हणाली, आमच्या माणसांनी नेली नाही. मग कुणी नेली? ते तिला ठाऊक नव्हतं. ठेवायला परवानगी घेतली होती का, एवढं मात्र तिला जाणून घ्यायचं होतं.

आता तिसरी उभी करायची होती, आणि आता घाई होती. दादाचे आईवडील येणार होते. व्हिसा झाला होता, नोव्हेंबरात येऊन त्याचं सामान नेणार होते. काकूंनी फोनवर एकच विचारलं: "ती सायकल असंल ना गं तिथं, मी येईस्तोवर?" मी हो म्हणून बसले. हजारो मैलांवरून आलेल्या बाईला काय दाखवायचं, रिकामा खांब?

म्हणून ही साखळी. चौकोनी पोलादी कड्या, वरून कापडी खोळ, वजन हाताला ओढ लागेल एवढं. लांबी अशी की खांबाला वेढा घालून सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून निघावी. किल्लीची घ्यायची की आकड्यांची? किल्ली तिघींतल्या एकीकडेच राहते, ती परगावी गेली की बाकीच्यांनी काय करायचं? उद्या रस्ता खोदायला माणसं आली आणि सायकल तासभर बाजूला घ्यावी लागली तर? शिवाय किल्ली हरवते. आकडा हरवत नाही. दुकानदार म्हणाला, चार आकडे तुम्हीच लावा, आणि सभ्यपणे पाठ करून उभा राहिला.

आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही. रूममेटने चकत्या फिरवल्या: एक, चार, शून्य, चार. आमच्या घरांत जयंती म्हटलं की एकच असते, कुणाची ते विचारावं लागत नाही. आमचे फोन, आमच्या सूटकेसा, सगळं त्याच तारखेला उघडतं. आजीने नंतर विचारलं, हा कुणाचा वाढदिवस?

"आमच्या सगळ्यांचा," रूममेट म्हणाली.

सायकल उभी राहिली. मी फोटो काढला, मराठीत पत्रक लिहिलं आणि सगळीकडे पाठवलं. पत्रकं मी कॉलेजात असल्यापासून लिहितेय, वसतिगृहाच्या मेसवर, शिष्यवृत्तीवर, कशाकशावर. शब्द नेमका हवा आणि अंगावर यायला हवा, एवढं मला पक्कं शिकवलेलं. या पांढऱ्या सायकलीला जर्मनमध्ये गाइस्टरराड म्हणतात. गाइस्ट म्हणजे भूत, राड म्हणजे सायकल. मी मथळा दिला: 'चौकातली भूतसायकल'.

दुसऱ्या दिवशी काकांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. गावातल्या ज्या चिंचेवर हडळ आहे म्हणत, तिच्याखाली तरुणपणी अमावस्येला चटई टाकून झोपलेले आणि सकाळी तिथेच बसून राखुंडीने दात घासलेले. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडणाऱ्या माणसाचा मुलगा. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"बाई, आम्ही देव सोडले. भुतं सोडली. अंगात येणं, उतारे, सगळं सोडलं. लेकाला हेच शिकवलं. आणि तुम्ही एवढं शिकून तिकडं जाऊन त्याचं भूत केलं? मी येईन तेव्हा ते मला तिथं दिसता कामा नये."

मागून काकू म्हणाल्या, "दिसू द्या. तुम्ही डोळे मिटून घ्या."

पुढे काही नव्हतं.

"स्मृतिसायकल कर," रूममेट म्हणाली.

"स्मृतिसायकल वाचून कोण थांबेल? आमदार निधीतला बाक वाटतो."

"मग काकांना काय सांगणार?"

काही सांगितलं नाही. शब्द सुटला होता, लोक तो पुढे पाठवत होते. आणि त्यानंतर जे सुरू झालं ते त्या शब्दामुळे झालं, असं मला मधूनमधून वाटायचं. असं वाटल्याचा मला भयंकर राग यायचा.

ऑक्टोबरात नदीवर धुकं धरायला लागलं. इथलं धुकं खालून येतं. आधी पाणी जातं, मग काठ, मग झाडांची खोडं, आणि शेंडे तेवढे वर लटकत राहतात. मी विद्यापीठात जाताना रोज त्या चौकातून जायचे. सायकलीचं तोंड आम्ही नदीकडे करून ठेवलं होतं, दादा जिकडून आला तिकडे. एका सकाळी ते चौकाकडे होतं. साखळी जागेवर होती, मागच्या चाकातून गेलेली, कुलूप बंद. मी ओढून बघितलं. बंदच. ती साखळी न उघडता सायकल वळणं शक्य नव्हतं.

"तू वळवलीस?" मी रूममेटला विचारलं.

"मी कशाला? तूच विसरली असशील."

आजी म्हणाली, मी हातही लावला नाही, माझी कंबर बघा.

मग टायर. रंगवताना ते बसलेलेच होते, आम्ही तसेच ठेवले होते. काही दिवसांनी मी जाता जाता पुढचा टायर सहज दाबला आणि बोट मागे घेतलं. टणक होता. कुणीतरी हवा भरली होती. कुणीच चालवणार नाही अशा सायकलीत हवा.

घंटीचं तर मी अजून विसरलेले नाही. तिच्यावर रंगाचा थर बसला होता, ती वाजत नव्हती. एकदा रूममेट माझ्याबरोबर होती, तिने बोलता बोलता अंगठ्याने घंटी दाबली आणि ती स्वच्छ वाजली. तो आवाज धुक्यात शिरला आणि संपता संपेना. आम्ही दोघी कुणीतरी ओ देईल अशा उभ्या.

"परत नको वाजवू," ती म्हणाली.

"तूच वाजवलीस."

"तरी नको."

आम्ही खाली वाकून बघितलं. चेनवरचा पांढरा रंग निघाला होता. चेन काळी होती, तेल दिलेली, ओली.

पालिकेवर माझा पहिल्यापासून संशय होता आणि तो असायलाच हवा. पण ज्याला सायकल घालवायची आहे तो कटर घेऊन येतो, तेलाची बुधली घेऊन नाही. टवाळ पोरं असती तर काहीतरी मोडून गेली असती. हे जे कोण होतं, ते सायकल जगवत होतं.

एका दुपारी आजीने कॉफीला बोलावलं. केक कापला, आमच्या पुढ्यात ठेवला आणि मग म्हणाली, "आल्झो, तर ऐका, मी वेडी नाही." तिने सुरुवातच तिथून केली.

"आज सकाळी उजाडता उजाडता मी खिडकी उघडली. आपली सायकल खांबापासून निघाली होती."

"निघाली म्हणजे?"

"निघाली. सिग्नल लाल होता, तिथे थांबली. हिरवा झाल्यावर सरळ गेली."

"वर कोण होतं?" रूममेटने विचारलं.

"सायकल पांढरी आहे, ती दिसली. वर काळं होतं. मला माणूस दिसला असता तर मी माणूस म्हटलं असतं." तिने स्वतःच्या केकला हात लावला नव्हता. "सरळ गेली," ती परत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी उजाडतानाच चौकात गेले. सायकल जागेवर होती, कुलूप बंद. टायरच्या खाचांत ताजा चिखल, मडगार्डला एक पिवळं पान चिकटलेलं. सगळा सांगाडा दवाने भिजला होता, हँडलवरून थेंब गळत होते. मी सीटवर हात ठेवला. सीट कोरडी होती.

घरी येऊन भांडण झालं.

"आकडा बदलू," रूममेट म्हणाली.

"भुताला घाबरून?"

"चोराला घाबरून. तुला जे म्हणायचं ते म्हण, पण बदलू. काकू यायच्यात, आणि उद्या हे जे कोण आहे ते सायकल घेऊन गेलं आणि परत आलंच नाही तर?"

ते खरं होतं. आम्ही आकडा बदलला. आजीलाही सांगितला नाही. एक, चार, एक, शून्य. आमच्या पणज्यांनी ज्या दिवशी जुना धर्म टाकला ती तारीख. आम्हाला वाटलं, केवढी हुशारी केली.

आठवडाभराने सीट परत कोरडी.

रूममेटने वाकून कुलपावरचे आकडे बघितले. मग म्हणाली, "याला चळवळीचं कॅलेंडर पाठ आहे." मला हसू आलं, तिलाही आलं, आणि दोघींचंही एकदम थांबलं.

"म्हणजे आपल्यातलं आहे," ती म्हणाली.

"आपल्यातलं कोण? या गावात आपण दोघीच."

"आणि दादा."

"गप्प बस. आपण असलं काही मानत नाही."

"मी कुठे मानते? आकडे कुणाकुणाला माहीत असतील, तेवढं बोलले."

गावात मराठी मंडळ आहे. फराळाला बोलावतात, गोड हसतात आणि विचारतात, तुमचं आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं? मी सांगते. मोठ्याने सांगते. चकलीची ताटली मग दुसरीकडे वळते. त्या गर्दीत आमची आणखी कुणी असतील की नाही, कसं कळणार? असली तरी सांगत नाहीत. आडनावाचं शेपूट छाटतात, 'आम्ही पुण्याचे' म्हणतात आणि चकली खातात. पत्रकात मी यांना 'लपलेले' म्हणते आणि ते काढायला मला कुणी सांगू नये.

"एक दिवस पहाटेच जाऊन उभ्या राहू," रूममेट म्हणायची. "समोरासमोर बघू."

"उद्या," मी म्हणायचे.

गेलो नाही. साफ सांगते, भीती वाटली. कुणी दिसेल याची नव्हती. सायकल निघेल आणि कुणीच दिसणार नाही, याची होती.

काका-काकू आले. काका वाळले होते, काकूंच्या अंगात स्वेटरवर स्वेटर. काकांनी सायकलीचा विषय काढला नाही, मीही नाही. ते खोलीत गेल्यावर काकूंनी हळूच विचारलं, "आहे ना?"

"आहे काकू." संध्याकाळीच जाऊन मी कुलूप ओढून बघून आले होते.

सकाळी बघते तर दोघं तयार. शरीर अजून देशातल्या घड्याळावर चाललेलं. काका आंघोळ करून कानटोपी घालून खुर्चीत बसलेले, बाहेर नुसतं करडं झालेलं.

"थोडं उजाडू द्या," मी म्हणाले. "धुकं आहे."

"धुकं काय चावतं?" काकू म्हणाल्या. "चल."

रूममेट झोपलेली होती. दाराशी माझं जाकीट सापडेना, मी तिचं पांढरं घातलं आणि आम्ही तिघं निघालो. समोरचा दिवा दिसायचा, त्याचा खांब दिसायचा नाही. आपलीच पावलं मागून आल्यासारखी ऐकू यायची. मी बोलत होते. सिग्नल, रेघा, किती अर्ज केले, कुणी काय उत्तर दिलं. काकू मधूनमधून "हां" म्हणत होत्या. चौक आला तेव्हा हवेत एक लाल ठिपका लटकत होता, तो हिरवा झाला.

खांबाशी सायकल नव्हती.

साखळी होती. खांबाला वेढा घातलेली, कुलूप बंद, आणि तिच्या कुशीत काही नाही.

"कुठाय?" काकू म्हणाल्या.

"काल होती काकू. संध्याकाळी मी स्वतः..."

"नेली का त्यांनी?" काकांनी विचारलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांच्या आवाजात तसं काही नव्हतं. हातातली काठी त्यांनी खांबाला टेकवली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

काकू खाली बसल्या. साखळी हातात घेतली. "केवढी जड," म्हणाल्या. मग कुणालाही न विचारता त्यांनी चकत्या फिरवायला सुरुवात केली. एक, चार, शून्य, चार. ओढून बघितलं. नाही. थोडं थांबल्या, आणि एक, चार, एक, शून्य. कुलूप हातात आलं.

आकडा त्यांना कुणीच सांगितला नव्हता.

"दुसरं काय ठेवणार तुम्ही," काकू म्हणाल्या. त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं.

आपल्यातलं कुणीही, दोन खेपांत. ते माझ्या डोक्यात उतरतंय तोच घंटी वाजली.

चौकाच्या पलीकडून. स्वच्छ. काकूंची बोटं माझ्या मनगटात रुतली. चिंचेखाली झोपलेला माणूस एक पाऊल मागे सरकला, मी बघितलं. पलीकडे धुक्यात एक पांढरं चाक उभं राहिलं, मग हँडल, आणि त्यांच्या वर काळोखाचा एक उभा तुकडा. सिग्नल लाल होता. ते थांबलं. आम्ही तिघं या काठाला आणि ते त्या काठाला, मध्ये रिकामा रस्ता. लाल होता तोवर कुणी हललं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते की मी असलं काही मानत नाही, आणि तो दिवा कधीच हिरवा होऊ नये असंही म्हणत होते.

झाला. ते सरळ आमच्याकडे आलं.

सायकलीवर एक बारीक पोरगा होता. काळं जाकीट, काळं हेल्मेट. त्याने आम्हाला बघितलं, खाली उतरला, आणि काका-काकूंकडे बघताच त्याला कळलं हे कोण. मीही त्याला ओळखलं. मंडळाच्या फराळाला भेटला होता, दादाच्याच लॅबमध्ये होता. 'आम्ही पुण्याचे' म्हणाला होता.

त्याने हात जोडले आणि आमच्यातला तो दोन शब्दांचा नमस्कार केला, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. काकांनी त्याला तोच नमस्कार परत केला, मोठ्याने.

माझं डोकं फिरलं. "तू? कुणाला विचारून? आमचा इथे जीव खाली-वर होतोय, लोकांना वाटतंय..."

"गप गं," काकू म्हणाल्या. मग त्याला: "कुठं नेतोस?"

"संस्थेपर्यंत, काकू. आणि परत."

"रोज?"

"जमेल तसं. गेनाऊ, नेमकं... धुकं असलं की. कुणी बघत नाही." तो हँडलकडे बघून बोलत होता. "दादाचं टेबल माझ्या शेजारी होतं. त्या दिवशी तो इथून पुढे आलाच नाही. सगळे सभेला गेले, मला जाता आलं नाही. गेलो असतो तर मंडळात सगळ्यांना कळलं असतं. दादाला माहीत होतं, तो कधी कुणाला बोलला नाही. मग म्हटलं, सायकल तरी तिथवर पोचवावी."

"पहिल्या दोन तूच नेल्यास?" मी विचारलं.

"नाही. त्या कुणी नेल्या मला माहीत नाही."

"कळलं असतं तर काय झालं असतं?" काकांनी विचारलं.

पोराने हेल्मेटचा पट्टा सोडला आणि परत लावला. माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं, 'लपलेले' या शब्दापासून. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते गिळलं. पटलं म्हणून नव्हे. त्याचं उत्तर घ्यायचा हक्क काकांचा होता, आणि ते थांबले होते.

काकूंनी हँडल धरलं. "ही त्याचीच?"

"नाही काकू. इथल्या एका आजींची जुनी."

"बरं." त्यांनी हँडलवरचं दव पदराने पुसलं. "मला पुढचा रस्ता दाखव."

"अगं, चालत?" काका म्हणाले.

"तुम्ही बसा इथं हवं तर."

काकांनी खांबाला टेकवलेली काठी उचलली.

"काकू, सायकल हलवता येणार नाही," मी म्हणाले. मला म्हणावंच लागलं. "ती इथे दिसायला हवी. आता ऑफिसची गर्दी सुरू होईल, ट्रक येतील. खांब रिकामा दिसला की पालिका म्हणेल, बघा, गेली. तेवढ्यासाठी तर आम्ही..."

"तोवर तू उभी रहा," काकू म्हणाल्या.

हिरवा झाला. एका बाजूने काकूंनी हँडल धरलं होतं, दुसऱ्या बाजूने त्या पोराने, मागे काका. तिघंही सरळ गेले. आधी कानटोपी गेली, मग काठी, मग सायकलीचा पांढरा रंग धुक्याच्या पांढऱ्यात कधी मिसळला ते कळलं नाही. घंटी एकदा वाजली. काकूंनी वाजवली असावी.

मी खांबाला पाठ लावून उभी राहिले. उघडी साखळी हातात होती, ती खाली ठेवावीशी वाटेना. गाड्या यायला लागल्या. धुक्यातून दिवे यायचे, माझ्यावर पडायचे आणि गाडी हळू व्हायची. एक बाई काच खाली करून बघत गेली. मग एक ट्रक आला, उजवीकडे वळायचा दिवा लुकलुकत. त्याला हिरवा होता. तो वळता वळता थांबला. ड्रायव्हर उंचावरून माझ्याकडे बघत होता, पांढरं जाकीट, हातात साखळी, आणि चेहरा त्याला दिसत असेल की नाही कोण जाणे. मागच्यांनी हॉर्न दिले. तो हलला नाही.

मीही हात केला नाही.